सव्वा महिना: नव्या आशाताईसाठी बाळंतिणीच्या घरच्या भेटी

बाळंतिणीच्या दारात उभं राहून "काय माय, बाळ कसं शे?" असं विचारलं की आपल्या खानदेशात उत्तर ठरलेलं असतं: "बठं बेस शे," म्हणजे सगळं छान आहे. रावेरच्या केळीच्या पट्ट्यात विचारा, साक्रीच्या माळावर विचारा, शब्द तेच येतील. आजी खोटं बोलत नसते. तान्ह्या बाळाबद्दल वाईट बोललं की दृष्ट लागते असं ती लहानपणापासून ऐकत आली आहे, म्हणून ती 'बेस' म्हणते. आपण ते ऐकून घ्यायचं, आणि मग बाळ उघडून बघायचं.

मी आधी आशा होते, आता गटप्रवर्तक, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख करणारी, आहे. माझं पहिलं वर्ष होतं तेव्हाची गोष्ट. तापीकाठचं गाव, मार्च महिना. तिसऱ्या दिवसाच्या भेटीला गेले तर सासूबाई अंगणात हरभरा पाखडत होत्या. "बठं बेस शे, आत्तेच निजेल शेत, उठाडू नको," म्हणाल्या. मी ओसरीवर चहा घेतला, फॉर्म भरला आणि निघाले. सातव्या दिवशी बाळाचं लंगोट सोडलं तर नाळेभोवतीची कातडी लालभडक, कडक झालेली, आणि घाण वास. नाळेला तिसऱ्याच दिवशी राख लावायला सुरुवात झाली होती. त्या दिवशी मी कपडा बाजूला केला असता तर तिथेच थांबलं असतं. बाळ अकरा दिवस एसएनसीयूत, म्हणजे आजारी तान्ह्या बाळांच्या खास कक्षात, होतं. वाचलं. पण त्या फॉर्मवर "नाळ कोरडी: होय" असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

म्हणून हा लेख. ज्या ताई या वर्षी कामाला लागल्या आहेत त्यांच्यासाठी.

जगभरात महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी साधारण तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच दगावतात. आईला धोकाही बाळंतपणानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. नेमकं तेव्हाच दवाखान्यातून सुट्टी होते आणि बाई घरी येते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळं तपासायला लावली, आणि नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. आपल्या भेटी त्याच कामातून आल्या आहेत. देशभर त्या २०११ पासून सुरू झाल्या. थर्मामीटर, वजनकाटा, घड्याळ आणि शिकवलेली गावची बाई, एवढ्यावर ते जमलं होतं. तेवढं तुमच्या पिशवीतही आहे.

आधी दिवस ठरवा

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर भेटी सहा: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२वा दिवस. घरी झालं असेल तर सात, कारण पहिल्या दिवसाची भेट वाढते, आणि ती २४ तासांच्या आतच व्हायला हवी. सिझेरियन असेल तर तिसऱ्या दिवशी बाई अजून वॉर्डातच असते. ती घरी आली की लगेच जा आणि पुढचे दिवस धरा. एसएनसीयूतून सुट्टी झालेलं बाळ घरी आलं की २४ तासांच्या आत पोचा.

घरातल्या मोठ्या बाईला हे समजवायला सोपं आहे. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना जपतात. सरकारी ४२ दिवस म्हणजे सव्वा महिन्यापेक्षा जेमतेम चार दिवस जास्त. "मोठीमाय, तुम्ही सव्वा महिना जपता, मी तुमच्या जोडीला सहादा येणार" असं म्हटलं की दार उघडतं.

आपल्याकडे भेटी हरवतात त्या माहेर-सासरच्या फटीत. पहिलं बाळंतपण माहेरी. नोंदणी चोपड्याजवळच्या सासरच्या गावात, बाळंतपण पारोळ्याजवळच्या माहेरी. सासरच्या आशाला वाटतं बाई तिकडे आहे, माहेरच्या आशाला ती आली हेच माहीत नसतं. म्हणून सातव्या महिन्यापासून विचारत राहा, "बाळंतपण कुठे करणार?" माहेरच्या आशाताईचा नंबर काढा, स्वतः फोन करा. बाई ज्या गावात राहते त्या गावच्या आशाने भेटी द्यायच्या. तुमच्या गावात कुणाची लेक बाळंतपणाला आली आहे याचाही कान ठेवा.

दुसरी फट ऊसतोडीची. दिवाळीनंतर नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातली, शिरपूर-साक्रीकडची कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत नाहीतर दुसऱ्या जिल्ह्यात जातात, होळीला परततात. ओली बाळंतीणही सोबत जाते. तिला माता-बाल संरक्षण कार्ड गाठोड्यात नाही, पोलक्याच्या पिशवीत ठेवायला सांगा. पुढच्या लसीची तारीख कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा, आणि मुकादमाचा नंबर तुमच्या वहीत.

पिशवी आणि हात

निघण्याआधी थर्मामीटरचा सेल बघा. वजनकाट्याला रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणा. सेकंद दाखवणारं घड्याळ, साबण, फॉर्म, कार्ड. साबण घरून न्यायचा. त्या घरी मागितलात की कपड्यांची वडी हातात येते.

गेल्यावर आधी थोडं बसा. मग बांगड्या-घड्याळ काढून हात कोपरापर्यंत साबणाने धुवा आणि तसेच वर धरून वाळू द्या. घरचा टॉवेल, पदर, काही लावायचं नाही. हे सगळ्यांसमोर करा. सोयर पाळणाऱ्या घरात हातपाय धुऊनच बाळंतिणीच्या खोलीत जायची रीत असतेच. ती आपल्या फायद्याची रीत आहे, तिला साबण जोडून द्या.

बाळ, वरपासून खालपर्यंत

क्रम कायम एकच ठेवा म्हणजे काही राहत नाही. बाळ झोपलेलं किंवा शांत असेल तर आधी श्वास मोजा, कारण रडायला लागल्यावर मोजता येत नाही. कपडा वर करा, पोटाकडे बघा, पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. तान्ह्या बाळाचा श्वास मधेच थांबतो, मधेच भरभर चालतो. ६० किंवा जास्त आला तर थोडं थांबून परत मोजा. परत ६० किंवा जास्त आला, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर पुढची तपासणी सोडा आणि पाठवायच्या तयारीला लागा.

मग हाताने ताप बघा. तुमच्या हाताची पालथी बाजू आधी बाळाच्या पोटाला, मग तळपायाला लावा. दोन्ही उबदार, तर ठीक. पोट गरम पण पाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे; लगेच आईच्या छातीशी द्या. दोन्ही गार, तर हा धोका आहे. त्यानंतर काखेत थर्मामीटर. ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट चांगलं.

मग वजन. कपडे कमीत कमी, काटा तुमच्या डोळ्यांच्या रेषेत, झोळी जमिनीपासून फार उंच नको. अडीच किलोच्या खाली म्हणजे कमी वजनाचं बाळ. पहिल्या तीन-चार दिवसांत जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत वजन घटतं, ते १० ते १४ दिवसांत भरून यायला हवं. आजीला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी काटा खाली दिसला की "आईचं दूध पुरत नाही" म्हणून वरचं दूध सुरू होतं.

काविळीसाठी बाळाला उजेडात आणा. आपल्याकडची बाळंतिणीची खोली म्हणजे खिडकी बंद, दाराला पडदा. पिवळ्या बल्बखाली सगळीच बाळं पिवळी दिसतात. दारापर्यंत या, कपाळ, छाती, मांडी आणि तळवा असं क्रमाने बोटाने दाबून सोडा आणि खालचा रंग बघा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर चेहरा-छाती थोडी पिवळी होणं बऱ्याच बाळांत दिसतं. पहिल्या २४ तासांत पिवळं दिसलं, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर दवाखाना. उन्हात धरून ही कावीळ उतरत नाही, आणि त्यात वेळ जातो.

नाळ कोरडी हवी आणि उघडी हवी. तिला राख, हळद, तेल, शेण, पावडर काही नको. लंगोट नाळेच्या खाली बांधा. डोळ्यांना चिपडं, पू आहे का बघा. काखेत, जांघेत, मानेच्या घडीत बोट घालून बघा, पुळ्या तिथेच लपतात.

काही गोष्टींनी घर घाबरतं पण त्या ठीक असतात: पहिल्या दोन दिवसांची काळी चिकट शी, शिंका, उचकी, नाकावर पांढरे ठिपके, मुलीला पहिल्या आठवड्यात किंचित रक्त जाणं. छातीच्या गाठी मुलगा असो की मुलगी, आईच्या रक्तातल्या संप्रेरकांमुळे येतात आणि आपोआप जातात. इथे मात्र थांबून सांगा. मालिश करणाऱ्या बाईला त्या दाबून 'दूध काढायची' सवय असते. दाबलं की पू होतो. हे त्या बाईसमोर सांगा, फक्त सुनेला सांगून उपयोग नाही.

दूध

भेटीतला निम्मा वेळ इथे द्या. बाळ पाजताना प्रत्यक्ष बघायचं. नुसतं "दूध पेस का?" असं विचारायचं नाही.

बाळाचं तोंड मोठं उघडलेलं असावं, फक्त बोंडी नाही तर तिच्याभोवतीचा बराचसा काळा भागही तोंडात जावा, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली. आईला दुखत असेल तर बाळ नीट लागलेलं नाही. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून हळूच सोडवा आणि परत लावा. बाळाची मान वळलेली नको. त्याचं पोट आईच्या पोटाला लागलेलं हवं. पहिलटकरणीच्या पाठीमागे एक उशी किंवा गोधडीची वळकटी दिली की निम्मी तक्रार जाते.

पहिला पिवळा घट्ट चीक टाकायचा नाही. मध, गूळपाणी, साखरपाणी, जन्मघुटी, गुटी, शेळीचं दूध, यातलं काही नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. आपल्याकडे हा शेवटचा मुद्दा पटवणं सगळ्यात अवघड. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, पत्र्याच्या घरात बसवत नाही, आणि तिथे आपण आजीला सांगतो की बाळाला पाणी देऊ नका. मी असं सांगते: आईच्या दुधात शंभरातले ८५च्या वर भाग पाणीच असतं. बाळाला तहान लागली तर बाळाला पाजा, आणि आईला पाणी द्या. प्रत्येक पाजण्याआधी आईने एक तांब्या समोर ठेवायचा.

दिवसा-रात्री मिळून आठ ते बारा वेळा पाजणं, आणि पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा शू. एवढं असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतं आहे. लंगोटं मोजायला आजीला सांगा. आजी मोजते, आणि मोजणारी आजी तुमच्या बाजूची होते.

कमी वजनाचं बाळ ओढून पिताना दमतं. आईने हाताने दूध काढून वाटी-चमच्याने द्यायचं, दर दोन तासांनी, झोपलं असेल तर उठवून. बाटली नको. वाटी-चमचा उकळता येतो, बाटलीच्या बुचात घाण राहते.

ऊब, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात

बाळाला पहिल्या २४ तासांत आंघोळ नको, कमी वजनाच्या बाळाला त्याहून उशिरा. तोवर कोरड्या मऊ कपड्याने पुसणं पुरे. डिसेंबर-जानेवारीत तोरणमाळ, धडगाव, शिरपूरच्या वरच्या पाड्यांवर कुडाच्या भिंतीतून वारा येतो. टोपी, मोजे, आणि सगळ्यात चांगली म्हणजे आईची छाती. कमी वजनाच्या बाळाला लंगोट-टोपीवर आईच्या उघड्या छातीशी उभं बांधायचं, वरून लुगडं, वरून गोधडी. याला कांगारू पद्धत म्हणतात; १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या कमी पडत होत्या तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली. जितके जास्त तास तितकं चांगलं. आई थकली की बाप, आजी, कुणीही बांधून घ्यावं. एका पावरा आदिवासी घरात बापाने बाळ छातीशी बांधून दाराशी बसून दोऱ्या वळलेल्या मी पाहिल्या आहेत. त्याला कुणी हसलं नाही.

खाटेखाली निखारे ठेवून शेक-धुरी देणं मात्र थांबवायला हवं. बंद खोलीतला कोळशाचा धूर बाळाच्या छातीत बसतो, झोपेत वायूने गुदमरायची भीती, आणि भाजण्याची वेगळी. एकदम "बंद करा" म्हटलं तर आजी दुखावते. "शेक आईच्या कमरेला गरम पाण्याच्या पिशवीने द्या, बाळाला आईची ऊब द्या" असं म्हटलं तर निघतं.

उन्हाळ्यात उलटी चूक होते. एप्रिलमध्ये दुपट्यावर दुपटं, वर टोपी, आणि मग बाळ तापलं म्हणून धावपळ. अंग गरम लागलं तर आधी कपडे काढा, हवेशीर जागी आणा, पाजा, अर्ध्या तासाने परत काखेत मोजा. उतरलं तर ते उन्हाचं होतं. उतरलं नाही, किंवा बाळ नीट पीत नाही, तर तो ताप धरा आणि पाठवा. कूलरचा झोत अंगावर नको, खोलीत चालेल.

काजळ डोळ्यांत नको. दृष्टीसाठी तीट लावायचीच असेल तर तळपायाला. पाचवीला घरभर पाहुणे येतात आणि प्रत्येकाला बाळ हातात हवं असतं. आपल्या भेटी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी असल्याने पाचवी मधेच निसटते. तिसऱ्या दिवशीच सांगून ठेवा: पूजा करा, घुगऱ्या वाटा, पण सर्दी-खोकल्याचं माणूस बाळाजवळ नको आणि बाळाचा मुका नको. सातपुड्याच्या पट्ट्यात काही ठिकाणी पोट फुगलं की बाळाच्या पोटावर तापल्या सळईचे चटके देण्याची चाल आहे. तिथे भगताशी भांडण करू नका. त्याच्याशी आधीच ओळख ठेवा, "पोट फुगलं की मलाही बोलवा" असं सांगून ठेवा.

आई

सगळी भेट बाळाची होते आणि आई कोपऱ्यात राहते. हे मी अजूनही बघते. बाळ आजीच्या मांडीवर दिलं की आईकडे वळा, आणि शक्यतो खोलीत दोघीच राहा.

रक्तस्राव विचारताना आकडा विचारा. "जास्त जातं का?" याला काही अर्थ नाही. "कालपासून किती घड्या बदलल्या?" दिवसात पाचपेक्षा जास्त घड्या पूर्ण भिजत असतील तर पाठवा. तासाभरात एक भिजत असेल, गाठी जात असतील, तर लगेच १०८. घरी बाळंतपण झालेल्या बाईचं पहिल्या दिवशी बेंबीखाली हात ठेवून बघा. गर्भाशय चेंडूसारखं कडक लागायला हवं. मऊ लागलं तर हाताने गोलगोल चोळा, लघवीला जाऊन यायला लावा, बाळ पाजायला लावा, आणि गाडी बोलवा. वार पूर्ण पडली का, हे सुईणीला विचारा.

ताप, खालून घाण वास, पोटात जोरात दुखणं हे जंतुसंसर्गाचं लक्षण. डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटका: रक्तदाबाचा त्रास बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंतही येऊ शकतो, गरोदरपणात बीपी चांगलं होतं तरीही. एका पायाची पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, हेही थांबण्यासारखं नाही. टाके असतील तर बघा: लाली, पाणी, उसवलेलं. स्तनात गाठ येऊन लाल झालं, ताप आला तर सिस्टरला दाखवा, पण त्या बाजूने पाजणं थांबवायचं नाही. थांबवलं तर गाठ वाढते.

जेवणाच्या बाबतीत खानदेशातलं बरंच काही चांगलं आहे. बाजरीची किंवा कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, मेथी, शेवग्याचा पाला, अळीव आणि डिंकाचे लाडू, बाळंतशोपा. हे चालू द्या. मोडायच्या त्या दोन गोष्टी: पाणी कमी द्यायचं, आणि पंधरा दिवस नुसता भात-तूप. केळ्याचं मला फार वाटतं. यावल-रावेरमध्ये दाराशी केळीचे घड, आणि बाळंतिणीला केळं नाही, का तर बाळाला सर्दी होईल. आईच्या केळ्याने बाळाला सर्दी होत नाही. खाऊ द्या. अंडी खात असतील तर रोज एक. आदिवासी भागात अंगणवाडीत स्तनदा मातेला अमृत आहाराचं गरम जेवण मिळतं. बाई जाऊ शकत नसेल तर ते तिच्यापर्यंत कसं येईल हे सेविकाताईंशी बोलून ठरवा.

लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस. चहासोबत नाही, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर चांगली. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास लांब. काळी शी होते म्हणून बायका गोळ्या सोडतात, ते आधीच सांगा. नंदुरबारकडे भिल्ल-पावरा घरांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. कार्डावर तशी नोंद असेल तर लोहाचं डॉक्टरांना विचारूनच, आणि त्या बाईला पाणी, ऊब, विश्रांती दुप्पट सांभाळायची. बाळाचीही तपासणी करून घ्या.

मनाचं विचारा. पहिले काही दिवस उगाच रडू येतं, ते आठ-दहा दिवसांत ओसरतं. दोन आठवडे झाले तरी ती बोलत नाही, बाळ जवळ असून झोप येत नाही, बाळाकडे बघत नाही, "मी नसते तर बरं" म्हणते, तर ते दुखणं आहे आणि त्याला उपचार आहे. तिसरी मुलगी झालेल्या घरात जरा जास्त लक्ष ठेवा. तिथे कधी कधी बाळंतिणीचं ताट उशिरा येतं. सासूसमोर ती बोलणार नाही. "बाळाचं वजन उजेडात करू" म्हणून तिला परसात न्या. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीचा, नंबर कुठूनही लागतो, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचं तोंडून निघालं तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्या.

पाठवायचं ठरलं तर

बाळ पीत नाही किंवा ओढ कमी झाली, हालचाल मंद, झटके, भरभर श्वास, छातीत खड्डा, अंग गार किंवा ताप, तळवे पिवळे, नाळेला पू, जन्मल्यापासून २४ तासांत शी नाही किंवा ४८ तासांत शू नाही. यातलं एक दिसलं तरी सकाळची वाट बघू नका. तान्हं बाळ सकाळपर्यंत थांबत नाही.

१०२ किंवा १०८. धडगाव, मोलगीच्या वरच्या पाड्यांवर रेंज नसते आणि गाडी येत नाही; तिथे बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, नर्मदाकाठच्या गावांतून होडीने. म्हणून नवव्या महिन्यातच ठरवून ठेवा: झोळीला चार माणसं कोण, जीप कुणाची, रेंज कुठल्या टेकाडावर. अशा पाड्यांवरच्या बाईला पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहायच्या खोलीत, आधीच आणून ठेवणं सगळ्यात बरं. निघताना बाळ आईच्या छातीला उघडं बांधा, वाटेत पाजत राहा, पुढच्या दवाखान्याला सिस्टरकडून फोन करवा. नेमकं कुठे न्यायचं ते आधी विचारा. ग्रामीण रुग्णालयात बाळ ठेवायची सोय नसेल तर तिथून परत पुढे पाठवण्यात दोन तास जातात. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी एसएनसीयू आहे.

आजारी बाळाला एक वर्षापर्यंत सरकारी दवाखान्यात उपचार, औषधं, रक्त, गाडी सगळं मोफत आहे. घरचे पैशाच्या भीतीने थांबतात, म्हणून हे दारातच सांगा.

कागद, लस, पाळणा

जन्माची नोंद २१ दिवसांत, मोफत. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि २४ तासांच्या आतली हिपॅटायटिस-बी कार्डावर आहे का बघा. घरी जन्मलेल्या बाळाचं हे हमखास राहतं, व्हिटॅमिन केचं इंजेक्शनही. जननी सुरक्षा योजनेचे पात्र बाईला ग्रामीण भागात ७०० रुपये, मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५,००० आणि दुसरी मुलगी असेल तर ६,०००. बँक पासबुकावर माहेरचं नाव असल्याने पैसे अडकतात, तेवढं आधीच बघा.

दोन बाळांमधल्या अंतराबद्दल २१व्या दिवसाच्या आत बोला. ४२व्या दिवशी कधी कधी उशीर झालेला असतो. पाळी आली नाही, बाळ फक्त अंगावर पितं आणि सहा महिन्यांच्या आतलं आहे, या तिन्ही अटी असतील तरच पाजण्यावर भिस्त ठेवता येते. एक सुटली की गर्भनिरोधक साधन हवं. छाया गोळी पाजणाऱ्या आईला चालते, अंतरा इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांत दवाखान्यातच बसवता येते, म्हणून तिची गोष्ट गरोदरपणात काढावी लागते. नवरा घरी असेल त्या वेळची एक तरी भेट ठेवा.

४२व्या दिवशी शेवटचं वजन घ्या आणि आईला काटा दाखवा. सहा आठवड्यांच्या लसी याच सुमारास येतात: पेंटाव्हॅलंट, पोलिओचा पहिला डोस, रोटा, न्यूमोकोकल. लसीकरणाचा दिवस कार्डावर लिहा, बाईला तो तोंडाने परत म्हणायला लावा. त्या दिवशी सकाळी तिच्या दारावरून जा आणि हाक मारा.